काका, लॅपटॉप आत्ता चालू असेल तर तो बंद करू नका

या वेळचं पत्र नाशिकरोडहून, जेलरोडच्या एका काकांचं आहे. थोडं छोटं करून देतेय.

"ताई, नमस्कार. मी २०१९ ला प्रेसमधून रिटायर झालो तेव्हा मुलीने लॅपटॉप घेऊन दिला. विंडोज १०, एक टीबी हार्ड डिस्क, चार जीबी रॅम. सोसायटीचा मी खजिनदार, सगळा हिशोब त्यातच आहे. पाऊस लागल्यापासून रोज सकाळी एकच तऱ्हा. बटण दाबलं की लाइट लागतो, पंखा फिरतो, कंपनीचं नाव येतं, खाली ठिपके गोल गोल फिरतात आणि मग 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' येऊन निळा पडदा. रिस्टार्ट दाबतो, परत तेच. तिसऱ्या नाहीतर चौथ्या वेळेला चालू होतो, मग दिवसभर काही तक्रार नाही. एकदा काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नाही असं काहीतरी आलं होतं. आतून कधीमधी टक टक आवाज येतो. एका दुकानदाराने न उघडताच सांगितलं मदरबोर्ड गेला, नऊ हजार. दुसरा म्हणाला पाचशेत फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा. मुलगी म्हणते नवीन घ्या. माझी नवीन घ्यायला हरकत नाही, पण आमच्या हिच्या आवाजातली भोंडल्याची गाणी त्यात आहेत. ती जाऊन तीन वर्षं झाली. ज्या फोनवर रेकॉर्ड केली तो फोन आता नाही. काय करू?"

काका, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि सगळ्यात आधी एकच सांगते, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. तुम्ही हे वाचताय तेव्हा लॅपटॉप चालू असेल तर तो बंद करू नका. चार्जर लावून ठेवा, झाकण मिटू नका, सेटिंगमध्ये सिस्टिम, मग पॉवर अँड स्लीप इथे जाऊन स्लीपच्या पुढे 'नेव्हर' करा म्हणजे तुम्ही चहा प्यायला उठलात तरी तो झोपणार नाही. आणि आज, उद्या नाही, काकूंची गाणी पेन ड्राइव्हवर घ्या. हिशोब नंतर, नातवंडांचे फोटो त्याच्याही नंतर. हिशोब बँकेच्या स्टेटमेंटवरून आणि पावत्यांवरून परत लिहिता येतो, मेहनत लागेल पण येतो, गाणी परत रेकॉर्ड होणार नाहीत.

घ्यायची कशी तेही सांगते, कारण यातच लोक चुकतात. गाण्यांच्या फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी करायचं, कट अजिबात करायचं नाही. कटमध्ये फाइल तिकडे गेली की इथली काढून टाकली जाते आणि मध्येच लॅपटॉप बंद पडला तर कुठली कुठे राहिली याचा घोळ होतो. सगळं एकदम सिलेक्ट करू नका, एक एक फोल्डर घ्या, कारण मध्ये एखादी फाइल खराब झालेली असली की कॉपी तिथेच अडकते, मग 'स्किप' दाबून पुढे जायचं आणि ती फाइल शेवटी परत बघायची. गाणी नक्की कुठे ठेवलीत ते आठवत नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या सर्चमध्ये एमपी३ शोधा, नाही सापडली तर एम४ए, आणि फोन जुना असेल तर एएमआर, जुन्या फोनचे व्हॉइस रेकॉर्डर बऱ्याचदा त्या प्रकारात ठेवायचे. कॉपी झाली की पेन ड्राइव्ह दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर लावून प्रत्येक गाणं थोडं थोडं वाजवून बघा, नुसती फाइलची नावं दिसली म्हणजे आलं असं नाही. मग तीच गाणी मुलीला गूगल ड्राइव्हवर नाहीतर मेलवर पाठवून द्या. एक कॉपी जेलरोडला, एक मुलीकडे.

हे झालं असेल तर आता निवांत बोलू.

मी एवढं घाईने का सांगतेय ते पण लिहिते. माझे वडील निफाडकडे द्राक्षबाग करायचे आणि शेवटची पाच-सहा वर्षं त्यांनी फवारणीची, छाटणीची, पावसाची सगळी टिपणं कॉम्प्युटरवर ठेवली होती, कुठल्या तारखेला काय मारलं, डावणी रोग कधी आला, घड किती ठेवले, त्यात मध्येच घरातल्या गोष्टी पण लिहिलेल्या, आईचं ऑपरेशन, माझ्या मुलाचं बारसं. ते गेल्यावर तो लॅपटॉप माझ्याकडे आला आणि तो अगदी तुमच्यासारखाच तिसऱ्या वेळेला चालू व्हायचा. मी दोन-तीन महिने रोज रिस्टार्ट दाबत राहिले, चालू होतोय ना मग बघू सुट्टीत. एक दिवस झालाच नाही. मी घाबरून एका दुकानात दिला, त्याने मला न विचारता फॉरमॅट मारला, विंडोज नवीन टाकली आणि हसत हसत परत दिला, बघा ताई एकदम मस्त चालतोय. टिपणं गेली. कॉम्प्युटरचं काम मी तेव्हाही करायचे, मला कळायला हवं होतं. म्हणून तिसऱ्या वेळेला चालू होतो हे वाक्य कुणी लिहिलं की मला दुसरं काही सुचत नाही.

आता तुमचा आजार. आपण नाशिककर पुराची बातमी कशी सांगतो, गोदावरीला किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं पण आपण विचारतो गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं, पायाला लागलं, कमरेला लागलं, गळ्यापर्यंत आलं, त्यावरून पूर केवढा ते पंचवटीतल्या पोराला पण कळतं. लॅपटॉपचंही तसंच बघायचं, चालू होताना तो कुठवर येऊन थांबतो. बटण दाबून लाइटच लागत नसेल तर चार्जर, बॅटरी किंवा बोर्डावरचा पॉवरचा भाग. लाइट आणि पंखा चालू पण पडद्यावर काहीच नाही, तर रॅम, स्क्रीन, बोर्ड. कंपनीचं नाव आलं म्हणजे लॅपटॉपने प्रोसेसर, रॅम वगैरे स्वतःची पहिली तपासणी केली आणि ती पास झाली. आणि ठिपके फिरायला लागले म्हणजे आता विंडोज डिस्कवरून एक एक फाइल उचलून वर आणायला लागली. तुमचा लॅपटॉप रोज इथे पडतो, डिस्कवरून वाचायच्या वेळेला. त्यात एकदा बूट डिव्हाइस सापडत नाही असं आलं, म्हणजे त्या दिवशी लॅपटॉपला डिस्क दिसलीच नाही. आणि टक टक. पत्रावरून जेवढं कळतं त्यावरून माझा पहिला संशय हार्ड डिस्कवर आहे.

ही जुन्या पद्धतीची डिस्क म्हणजे आत खरोखरच्या तबकड्या असतात, लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारतात, आणि वाचणारा काटा तबकडीच्या वर केसापेक्षा कितीतरी पट कमी अंतरावर तरंगत असतो. वर्षानुवर्षं चालून मोटर थकते, तबकडीवरचे काही कप्पे खराब होतात, काट्याला तिथलं वाचता येत नाही, तो परत परत प्रयत्न करतो, तोच बऱ्याचदा टक टक आवाज. सकाळी थंड असताना अशा थकलेल्या डिस्कला वेग पकडायला जड जातं, दोन-तीनदा चालू-बंद झाली की फिरायला लागते आणि मग दिवसभर बरी वाटते, म्हणून तुमचा त्रास फक्त सकाळचा. चालू असताना लॅपटॉप उचलून इकडून तिकडे नेऊ नका आणि आवाज आला म्हणून त्याला थोपटू नका, ठोकू तर नकाच.

मदरबोर्ड गेला हे न उघडता सांगणं मला अजिबात पटलेलं नाही. बोर्ड गेलेला असता तर तो सकाळी तीनदा गेलेला आणि चौथ्यांदा दिवसभर ठणठणीत, असं सहसा होत नाही. बोर्डावर डिस्क जिथे जोडतात ती केबल किंवा सॉकेट सैल असू शकतं, ते मी नाकारत नाही, पण त्यासाठी नऊ हजार लागत नाहीत. आणि हे तपासायची एक साधी युक्ती आहे जी कुठलाही बरा मेकॅनिक सहज करतो. पेन ड्राइव्हवर उबुंटूसारखी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, टाकायची, लॅपटॉपची डिस्क काढून ठेवायची आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून चालू करायचा. चार-पाच वेळा बंद करून चालू केला, थंड झाल्यावर परत केला आणि प्रत्येक वेळी नीट आला, तर बोर्ड, रॅम, स्क्रीन बहुधा शाबूत आहे, दोष डिस्कचा नाहीतर तिच्या केबलचा. दुकानदाराला सरळ म्हणा, हे माझ्यासमोर करून दाखवा मग मदरबोर्डचं बोलू.

संशय दुसऱ्या एका गोष्टीवर पण आहे, फुकटात तपासता येते म्हणून सांगते. विंडोज १० मध्ये आणि ११ मध्ये पण शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतो. फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते, ती रात्री बंद करताना विंडोजचा आतला भाग जसा आहे तसा डिस्कवर एका फाइलीत लिहून ठेवते आणि सकाळी तीच फाइल वाचून पटकन चालू होते. ती फाइल बिघडली किंवा एखादा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन, वायफाय असे भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, त्यातून नीट उठला नाही की सकाळी बोंब. रिस्टार्टला मात्र विंडोज सगळं पहिल्यापासून नवं चालू करते, म्हणून कितीतरी लोकांचा अनुभव असतो की शटडाउन करून चालू केला की रडतो आणि रिस्टार्ट केला की येतो. तर सगळा डेटा घेऊन झाल्यावर, आधी नाही, एका रात्री कीबोर्डवरची शिफ्ट धरून ठेवून शटडाउनवर क्लिक करा, हा पूर्ण शटडाउन. सकाळी बघा काय होतं. तीन-चार रात्री असं केलं आणि रोज पहिल्याच झटक्यात आला तर फास्ट स्टार्टअपच चोर होता, कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डाव्या बाजूला 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', आत वरती एक निळी ओळ असते ती दाबली की खालचे पर्याय उघडतात, तिथली टर्न ऑन फास्ट स्टार्टअपची टिक काढून सेव्ह. पण टक टक आवाज आणि तो बूट डिव्हाइसचा मेसेज, या दोन गोष्टी फास्ट स्टार्टअपने होत नाहीत, म्हणून ही टिक काढून बरं वाटलं तरी डिस्कची तपासणी सोडू नका.

ती तपासणी घरीच होते. लॅपटॉप चालू असताना क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा, ते डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद वाचून दाखवतं, निळ्यात गुड, पिवळ्यात कॉशन, लालमध्ये बॅड. पिवळा दिसला आणि खाली रिअलोकेटेड सेक्टर किंवा पेंडिंग सेक्टर, म्हणजे खराब कप्प्यांच्या नोंदी, त्यांच्या पुढे रॉ व्हॅल्यूजच्या रकान्यात शून्य सोडून दुसरा आकडा असला तर डिस्कने जायला सुरुवात केलीय. निळा दिसला म्हणजे मात्र शंभर टक्के बरी असं नाही, काही डिस्क शेवटपर्यंत गुड दाखवत जातात. दुसरी तपासणी विंडोजच्या बाहेरची. तुम्ही कंपनी लिहिली नाहीत, म्हणून तिन्ही सांगते. एचपीला बटण दाबल्या दाबल्या एस्केप टकटक दाबत राहायचं आणि मेनू आला की एफ२, डेलला एफ१२ दाबून यादीतलं डायग्नोस्टिक्स, लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलला एफ१०. त्यात हार्ड डिस्कची छोटी टेस्ट असते, काही मिनिटांची, ती करा. नापास झाली तर एचपीमध्ये २४ अक्षरांचा फेल्युअर आयडी येतो, बाकीच्यांत एरर कोड येतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तो फोटो दाखवला की दुकानात कुणी मदरबोर्ड म्हणणार नाही.

एक मात्र ऐका. नेटवर शोधलंत तर पहिल्यांदा सांगतात चेकडिस्क चालवा. डेटा घ्यायच्या आधी ते करायचं नाही. चेकडिस्कची लांब तपासणी डिस्कचा प्रत्येक कप्पा वाचते, एक टीबीला कित्येक तास लागतात, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला एवढं पळवलं की ती त्यातच जाते. डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवरच्या फाइल्स हलवून नीट लावणं, तेही नको. तो निळा पडदा आला की त्यात ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे स्टार्टअप रिपेअर, अनइन्स्टॉल अपडेट्स, सिस्टिम रिस्टोअर असे पर्याय असतात आणि डिस्क चांगली असेल तर खरंच उपयोगी पडतात, एखाद्या अपडेटनंतर लगेच बिघडलं असेल तर ते अपडेट तिथून काढता येतं. तिथेच स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन रिस्टार्ट केलं आणि ४ दाबलं की सेफ मोड, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरवर चालू होते, सेफ मोडला दरवेळी नीट येत असेल तर दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रामचा असायची शक्यता जास्त. पण रिसेट धिस पीसी हा पर्याय तुम्ही दाबू नका, त्यात कीप माय फाइल्स असं लिहिलेलं असलं तरी नको. ते फाइल्स ठेवतं, तुमचे टाकलेले प्रोग्राम काढतं, आणि हे सगळं करताना डिस्कवर तासभर लिहीत-वाचत बसतं. खराब डिस्कवर ते अर्ध्यात अडकलं तर मागेही नाही आणि पुढेही नाही.

समजा हे वाचायच्या आत लॅपटॉप बंद झालेला आहे आणि उद्या सकाळी चौथ्याच काय दहाव्या वेळेलाही आला नाही. तर दहावी वेळ करूच नका, तीनवर थांबा. त्याआधी एक साधी गोष्ट करून बघा, चार्जर काढा, पेन ड्राइव्ह, वायरलेस माउसचं यूएसबीत खोचलेलं छोटं बटण, प्रिंटर, सगळं काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, नुसता चार्जर लावून चालू करा. आत साठलेला करंट निघून जातो आणि अडकलेले लॅपटॉप कितीदा तरी याने उठतात. विसरून राहिलेला पेन ड्राइव्ह पण काय काय गोंधळ घालतो, लॅपटॉप त्याच्यावर विंडोज शोधत बसतो. तरी नाही आला तर डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या केसमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला पेन ड्राइव्हसारखी लावता येते, बऱ्याचदा विंडोज चालू होत नसली तरी फाइल्स अशा दिसतात आणि कॉपी होतात. हे दुकानात करून देतात, फक्त तुम्ही समोर बसा आणि पहिल्यांदा गाण्यांचं फोल्डर घ्यायला लावा. आणि डिस्क लावल्यावर नुसतं टक टक टक सलग वाजत असेल आणि काहीच दिसत नसेल, तर तिथेच थांबायचं. वीज काढायची आणि डिस्क एका डब्यात ठेवून द्यायची. मग काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं, धूळमुक्त खोलीत डिस्क उघडतात ते, महाग असतं, पण त्यांच्याकडे जाईपर्यंत ती जितकी कमी फिरेल तितकी आशा जास्त. कुणी म्हणालं फ्रीजमध्ये ठेवा, उघडून काटा हलवा, तर हात जोडून नाही म्हणा.

डिस्क काढून दुसरीकडे लावताना एक अडचण येऊ शकते. काही लॅपटॉपमध्ये विंडोज डिस्कला कुलूप लावून ठेवते, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग दुसरीकडे लावली की ४८ आकड्यांची किल्ली मागते. लॅपटॉप सेट करताना मुलीने मायक्रोसॉफ्टचं अकाउंट वापरलं असेल तर ती किल्ली बहुधा त्या अकाउंटमध्ये सेव्ह झालेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून डिव्हाइसेसमध्ये बघता येते. मुलीला आजच फोन करून विचारा कुठला मेल आयडी दिला होता आणि पासवर्ड आठवतोय का, किल्ली असेल तर कागदावर लिहून कपाटात ठेवा.

पुढचं, दुकान. एमजी रोडला जा नाहीतर नाशिकरोडलाच कुठे ओळखीचं असेल तिथे, पण लॅपटॉप नुसता ठेवून येऊ नका. जॉबशीट घ्या आणि त्यावर तुमच्या हाताने लिहा, विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही, जुनी डिस्क परत द्यायची. जुनी डिस्क खराब निघाली तरी परत घ्यायचीच, ती तुमची आहे, तिच्यात सोसायटीतल्या सगळ्यांचे हिशोब, फोन नंबर आहेत. लॅपटॉपच्या मागे चिकटवलेल्या कागदावर पासवर्ड असेल तर तो पण काढा. पाचशेत फॉरमॅट मारून देतो म्हणणाऱ्याचं मी वाईट म्हणत नाही, त्याच्याकडे येणाऱ्या कितीतरी लॅपटॉपांचं त्यानेच भागतं, पण तुमची डिस्क जात असेल तर फॉरमॅट करून दोन-तीन आठवडे बरा वाटेल, परत तेच, आणि मधल्या काळात गाणी गेलेली असतील.

नवीन घ्यायचा का, तर मुलीला सांगा आधी डिस्कचा निकाल येऊ दे. डिस्कच खराब निघाली तर तिच्या जागी एसएसडी बसवायची, तबकड्या नाहीत, फिरणारं काही नाही, तुमच्या लॅपटॉपात अडीच इंची साटा प्रकारची बसायला हवी, आणि बोर्डावर जागा असेल तर रॅम चारची आठ करायची. हिशोब, मेल, व्हिडिओ कॉल एवढ्यासाठी तो लॅपटॉप मग तुम्हाला ओळखू येणार नाही इतका पळेल. जुन्या डिस्कवरची विंडोज जशीच्या तशी नवीन डिस्कवर उतरवू नका, खराब डिस्कवरून ते काम अडकतं आणि बिघडलेलं पण सोबत येतं, नवीन विंडोज टाकायला सांगा. त्यासाठी विंडोजचे वेगळे पैसे मागितले तर विचारा का, कारण लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचं लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्क बदलली म्हणून ते जात नाही, तीच आवृत्ती टाकून नेटला जोडलं की आपोआप ओळखतं.

फक्त विंडोज १० ची नेहमीची मदत, म्हणजे सुरक्षेची फुकट अपडेट्स वगैरे, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली, तुम्ही बँकेचं पण त्यावरच बघत असाल तर नवीन टाकताना ११ टाकता येते का ते बघायला हवं. सेटिंगमध्ये सिस्टिम, अबाउट इथे प्रोसेसरचं नाव वाचा, आय३ किंवा आय५ च्या पुढच्या आकड्याची सुरुवात ८ ने असेल, म्हणजे ८२६५ वगैरे, तर आठवी पिढी, ती साधारण चालते, ७ ने असेल तर बहुतेक नाही. २०१९ मध्ये दुकानात दोन्ही मिळत होते. पीसी हेल्थ चेक नावाचं मायक्रोसॉफ्टचंच छोटं ॲप आहे, ते सरळ हो किंवा नाही सांगतं. नाही आलं तर मात्र मुलीचं ऐका, जुन्यावर खर्च करण्यापेक्षा नवीन बरा, आणि हा एसएसडी आणि लिनक्स टाकून नुसता गाणी ऐकायला, फोटो बघायला ठेवता येईल.

पावसाचं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. ओलीने एकटीने एवढं होत नाही, पण भिंतीला ओल आलेल्या कोपऱ्यात किंवा खिडकीशी ठेवत असाल तर जागा बदला. वीज कडाडत असताना चार्जर काढून ठेवा. आणि चार्जरची पिन बघा, तीन पिनचा असेल आणि तुम्ही दोन पिनचा कन्व्हर्टर लावून वापरत असाल तर अर्थिंग मिळत नाही, लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात ना, त्या त्याच्याच. आणि लॅपटॉप बंद असताना नीट बघा, टेबलावर सपाट बसत नाही का, टचपॅड वर उचललेला आहे का. असेल तर बॅटरी फुगलीय, मग चार्ज करू नका, त्याच दिवशी काढून घ्या.

सोसायटीच्या हिशोबाची एक्सेल फाइल तुम्ही अध्यक्षांना आणि सेक्रेटरींना दर महिन्याला मेल करत जा, म्हणजे ती आपोआप तीन ठिकाणी राहील.

डिस्कच्या टेस्टमध्ये जो कोड येईल त्याचा फोटो मला पाठवा, त्यावरून एसएसडी घ्यायची का ते नक्की सांगता येईल. आणि गाणी आली का पेन ड्राइव्हवर, तेवढं मात्र आजच कळवा.